दही, जाड तार आणि भडका

विजेचा झटका सगळ्यांना माहीत असतो. भडका फारसा कुणाला माहीत नसतो. झटका बसायला तारेला हात लावावा लागतो. भडक्याला तेवढंही लागत नाही. तुम्ही समोर उभे असलात की पुरे. डोळा मिटायच्या आत तोंडावर सूर्य येतो, आणि मग बरेच महिने दवाखान्याच्या चकरा.

माझं सगळं कामाचं आयुष्य वाशीमच्या एका जिनमध्ये गेलं. आधी रेच्यावर, मग बोर्डावर. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं, आणि एकोणीसशे पन्नास ते साठच्या दरम्यानची ही गोष्ट आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. मोठं काही लिहायला सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण माझी नातसून ओल्या हाताने मिक्सरचं बटण दाबते आणि वर मलाच सांगते, आजी, काही होत नाही. म्हणून लिहायला बसले.

जिन म्हणजे काय ते आधी सांगते, कारण आता पोरांना कापूस फक्त शर्टाच्या रूपात माहीत असतो. वावरातून कापूस येतो त्यात सरकी, म्हणजे बी असते. ती वेगळी करायच्या यंत्राला रेचा म्हणतात. दोन्ही बाजूंना रेच्यांची रांग, प्रत्येक रेच्यापाशी एक बाई, ती कापूस घालत जाते, पुढून रुई निघते, खाली सरकी पडते. हवेत पांढरी भुकटी एवढी की संध्याकाळी सगळ्या बाया म्हाताऱ्या दिसायच्या. मी किन्हीराजाची. नवरा हैजाने गेला, दिराकडे भाकरी मोजून मिळायला लागली, तेव्हा पोराला घेऊन वाशीमला आले आणि रेच्यावर उभी राहिले.

पहिल्यांदा सगळं पट्ट्यांवर चालायचं. एक तेलाचं इंजिन, त्याला छपराखालून लांब दांडा, त्या दांड्यावरून प्रत्येक रेच्याला चामड्याचा पट्टा. एका बाईचं लुगडं पट्ट्यात गेलं आणि त्याच्यामागे तिचा हात गेला. पुढच्या हंगामात शेठजींनी पट्टे काढून मोटारी बसवल्या. बायांच्या काळजीने बसवल्या असं लोक म्हणतात. मला वाटतं, अंगणाच्या पलीकडे सरकीच्या तेलाची मिल टाकली होती आणि तिथपर्यंत पट्टा पोचत नव्हता, हे खरं कारण. असो. इंजिनाला डायनामो जोडला, आणि इंजिनघराच्या भिंतीवर बोर्ड आला.

बोर्ड म्हणजे काळ्या दगडाची मोठी पाटी. तिच्यावर तांब्याची उघडी पाती, त्यांना लाकडी मूठ. मूठ वर दाबली की पाती खाचेत बसतात आणि वीज चालू. खाली ओढली की बंद. याला आम्ही खटका म्हणायचो. आजच्यासारखं झाकण नाही, पेटी नाही. उघडं तांबं, आणि त्याच्यापुढे माणूस.

बोर्ड सांभाळायला रहीमभाई वायरमन होते. सडपातळ, बोलायला मऊ, विडीचा शौक. विजेची भीती त्यांना नव्हती, अदब होती. खटका कसा ओढायचा ते ते पोरासोरांनाही दाखवायचे. आधी मोटारी एकेक बंद करायच्या, ओझं उतरवायचं, मग खटका. तोही एका झटक्यात. हळू ओढला तर वीज तांब्याला सोडत नाही, हवेतून पूल बांधते. तो पूल म्हणजे भडका.

आता आमचं दही.

वऱ्हाडात कापूस वेचायला सुरुवात करताना वावरात सीतादही करतात. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची पूजा करायची, दहीभात वाहायचा, मग पहिलं बोंड तोडायचं. जिनमध्ये बहुतेक बाया वावरातूनच आलेल्या. त्यांनी ही रीत बरोबर आणली. दिवाळीच्या पाडव्याला जिन सुरू व्हायची तेव्हा भागामाय इंजिनाच्या मोठ्या चाकाला दहीभात वाहायची. भागामाय रेचेवाल्यांत सगळ्यांत जुनी. तिने हूं म्हटल्याशिवाय बाया पाणी प्यायला जायच्या नाहीत. चाक लोखंडाचं, त्याला दह्याने काय होतंय. पण बोर्ड आल्यावर बायांनी विचार केला की आता सगळं या खटक्यापासून सुरू होतं, तर दही यालाच पाहिजे.

बोर्ड ऐन हंगामात आला होता, म्हणून त्याचा पहिला पाडवा पुढच्या वर्षी आला. रहीमभाई हसत म्हणाले, "भागाबाई, याले गोडधोड चालत नाई. लांबूनच हात जोडा."

"तुमच्यात नसन चालत," भागामाय म्हणाली, आणि मुठीने दहीभात पाटीवर टाकला.

रहीमभाईंनी खांद्यावरच्या फडक्याने पुसून घेतलं. शेठजी नारळ घेऊन उभे होते, सगळे वाट बघत होते. इंजिन चालू होतं. त्यांनी खटका वर दाबला.

आवाज असा झाला की छपरावरून सरकीचं पोतं खाली पडावं. सगळं पांढरं झालं. मला नंतर बराच वेळ हिरवी वर्तुळं दिसत होती. त्या वर्तुळांमधून दिसलं की रहीमभाई खाली बसले आहेत, उजवा हात वर धरून, जणू कुणाला थांब म्हणत आहेत. आणि भडका विझत नव्हता. पाटीवर तडतडतच होता. इंजिनवाल्याने इंजिनाचं तेल बंद केलं, चाक मंद झालं, तेव्हा तो मेला. कोपऱ्यातल्या रुईने पेट घेतला होता, तिच्यावर आम्ही रेती टाकली. बाकी जिन वाचली.

रहीमभाईंचा हात वाचला, बोटं वाकडीच राहिली. डोळ्यांना उजेड सहन होईना. हंगाम संपत आला तेव्हा ते कामावर परत आले. एक दिवस दुपारच्या सुट्टीत मी तिथे भाकरी खात होते. ते आपणहून म्हणाले, "बाई, भडका दह्यानं लावला. पन त्याले जगवलं माह्या तारेनं."

मला कळलं नाही. मग त्यांनी फ्यूज समजावून सांगितला, तो असा. मोटेचा नाडा दोरीचा असतो, साखळीचा नसतो. मोट विहिरीत कुठे अडकली तर नाडा तुटतो, मोट खाली जाते, पण बैल विहिरीत पडत नाहीत. फ्यूज हा विजेचा नाडा. बारीक तार, मुद्दाम कच्ची. जास्त ओझं आलं की तीच आधी जळते आणि वीज बंद होते. पण आमचा फ्यूज सारखा जायचा, कारण तेलाच्या मिलीत शेठजींनी मोटारी वाढवल्या होत्या. फ्यूज गेला की रेचे थांबत. रेचे थांबले की बाया ओरडत, शेठजी ओरडत. शेवटी रहीमभाईंनी कंटाळून बारीक तारेच्या जागी जाड तार टाकली. हंगाम संपला, तार तशीच राहिली. बारीक तार असती तर दह्याचा भडका ठिणगी होऊन विझला असता.

"मंग तुमी असं केलं काहून?" मी विचारलं.

"तुमी साऱ्याजनी मांग उभ्या राहून बोंबलत होत्या म्हनून," ते म्हणाले. खरं होतं.

बायांनी मात्र वेगळाच हिशेब लावला. देवी कोपली, कारण दही कमी पडलं. एवढ्या मोठ्या जिनला मूठभर दही म्हणजे थट्टाच. पुढच्या पाडव्याला घागरभर करायचं ठरलं.

पुढचा हंगाम जवळ आला तेव्हा शेठजींपुढे प्रश्न होता. रहीमभाईंना सगळं कळत होतं, पण त्या हाताने मूठ धरता येत नव्हती. शेठजी म्हणाले, तुम्ही सांगा, हात दुसऱ्याचा लावू. पुरुष माणसं एकेक करून सटकली. एकाला बैल बघायचे होते, एकाच्या सासऱ्याची तब्येत बरी नव्हती. रहीमभाई मला म्हणाले, "तुमी शिकता का?"

"मीच काहून?"

"आकडे वाचता येतात. अन् तुमच्या हातात काई वाजत नाई."

म्हणजे बांगड्या नव्हत्या. विधवा बाईच्या अंगावर काही नसतं. काकणं नाहीत, गळ्यात पोत नाही, पायात जोडवी नाहीत. बोर्डापुढे उभं राहायला असंच अंग लागतं, कारण धातू विजेला वाट देतो. माझ्या शेजारच्या रेच्यावर झमकी होती, मानोऱ्याकडच्या तांड्यावरची. हंगामात तिचा सगळा तांडा कामाला वाशीमला यायचा. तिच्या हातात मनगटापासून खांद्यापर्यंत चुडे. ती बोर्डापुढे गेली असती तर खटका नंतर, आधी तीच लागली असती. हे तिनेच मला हसत सांगितलं. माझ्या उघड्या हातांकडे बघून लोक तोंड फिरवायचे. त्या हातांचा उपयोग आहे असं म्हणणारा पहिला माणूस हा. रेच्यावर माझी छाती रुईने भरून आली होती, रात्रभर खोकत असे. बोर्डाचं काम मिळालं तर मी जगणार होते. नाही तर किन्हीराजाला दिराच्या दारात.

महिनाभर त्यांनी मला इंजिन बंद असताना शिकवलं. कोरड्या फळीवर उभं राहायचं. पाटीच्या समोर नाही, बाजूला. डावा हात पाठीमागे. तोंड फिरवायचं, श्वास धरायचा, आणि मूठ एका झटक्यात. विजेचं ओझं दाखवणाऱ्या काट्याच्या काचेवर त्यांनी लाल रेघ काढून दिली, काटा तिच्या पुढे गेला की कुठलीतरी मोटार बंद करायची. जमिनीवर चुन्याची रेघ मारली, आडवा झोपलेला माणूस मावेल एवढ्या अंतरावर, आणि म्हणाले, इच्या आत दोघंच, तुमी अन् मी. जाड तारेचं भेंडोळं त्यांनी माझ्यादेखत विहिरीत टाकलं.

त्या रेघेने मला पुष्कळ भांडायला लावलं. गाड्या घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना वीज बघायची असायची. मेडशीकडचा एक म्हातारा रोज यायचा आणि विचारायचा, "बाई, कुठं हाय ते? दिसत तं काईच नाई." एकदा तो विडी पेटवायला वाकून खटक्याकडे निघाला. मी त्याचा धोतराचा सोगा धरून मागे ओढला. तो सगळ्यांना सांगत सुटला की जिनच्या बाईने आपलं धोतर फेडलं. पण ही पुढची गोष्ट. आधी पाडवा.

पाडव्याला सकाळी अंगणात कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. बैलांची शिंगं रंगवलेली. भागामाय खरोखरच घागर घेऊन आली, मागे सगळ्या रेचेवाल्या. मी चुन्याच्या रेघेवर आडवी उभी राहिले.

"सरक वं गिरजे," ती म्हणाली.

"बोर्डावर दही नाई पडनार."

"तुह्या बापाचा हाय का बोर्ड?"

शेठजी पुढे आले. म्हणाले, "गिरजाबाई, थोडं शिंपडू द्या. रीत आहे. नंतर पुसून घेऊ."

"मांगच्या सालीबी पुसलं होतं, शेठजी. दही फटीत जाते. दही पडलं तं मी खटका नाई लावत."

"मग दुसरा कुणी लावील."

"लावा ना."

शेठजींनी माणसांकडे बघितलं. माणसं बैलांकडे बघत होती. मागचा पाडवा कुणी विसरलं नव्हतं. मी भ्याले होते हे सांगायला हरकत नाही, कारण एक जरी पुढे आला असता तर मी परत रेच्यावर गेले असते, आणि तो बहुधा मेला असता.

भागामाय घागर खाली ठेवायला तयार नव्हती. मी तिला विचारलं, "वावरात दही कुठं वाह्यते तू? विहिरीवर?"

"विहिरीवर कायले? पऱ्हाटीले वाह्यते."

"मंग इथं पऱ्हाटीचं काय हाय?"

तिने इकडेतिकडे बघितलं. दगडाची पाटी, इंजिन, तेलाचे डबे. मग तिची नजर अंगणात पहिल्या गाडीवर गेली. कापूस वरपर्यंत भरलेला.

"हे तं खरं हाय," झमकी म्हणाली. "सीतेचं दही सीतेलेच द्यावं लागते. लोखंडाले खाऊ घालून काय भेटनार?"

भागामाय गाडीकडे वळली तसा गाडीवान आडवा आला. "ओ माय, माह्या कापसाले दही नोको. वला झाला म्हनून शेठजी भाव पाडतीन."

सगळे हसले. शेठजींना चारचौघांत सांगावं लागलं की या गाडीचा भाव पडणार नाही. मग बाकीचे गाडीवान म्हणायला लागले, आमच्याही गाडीला दही लावा. घागर तिथेच संपली. उरलेला भात बैलांनी खाल्ला.

मला वाटलं, झालं. पण भागामाय हात पुसत परत आली आणि रेघेपाशी उभी राहून म्हणाली, "दह्याचं झालं. पन सालाचा मुहूर्त रांडमुंड बाईच्या हातानं? सारा हंगाम बुडीन, शेठजी."

या बाबतीत सगळे तिच्या बाजूचे होते, शेठजीसुद्धा. मला राग आला नाही. हे मी लग्नांत, बारशांत रोजच ऐकत होते. मी म्हटलं, "मंग भागामाय, तूच लाव. रहीमभाई सांगतीन तसं करजो. पह्यले चुडे उतरव."

"नवरा जिता हाय माहा," ती म्हणाली. "चुडे कशी उतरवू?"

"मंग झमके, तू ये."

"मले तं पोहरादेवीच्या जत्रेले जायचं हाय यंदा," झमकी म्हणाली. "हात घेऊन जायचं हाय." मग शेठजींकडे वळून, "शेठजी, चुडेवालीले चुडे काढता येत नाई, बिनचुड्याची तुमाले चालत नाई. तुमीच लावा आता. अंगठ्या मी धरते."

शेठजींच्या हाताला नारळाचं पाणी लागलं होतं. त्यांनी ते धोतराला पुसलं आणि म्हणाले, "गिरजाबाई, उशीर होतोय."

म्हणजे होकार होता. पण भागामायला हरायचं नव्हतं. ती बायांकडे वळून म्हणाली, "ज्याले पाह्यचं त्यानं पाहा. मी हे पाप पाहनार नाई." आणि तिने पाठ फिरवली. तिने पाठ फिरवल्यावर बाकीच्या काय करणार. सगळ्या रेचेवाल्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. काहींनी डोक्यावरून पदर ओढून डोळे झाकले. त्यांचं बघून गाडीवानांनीही माना फिरवल्या.

रहीमभाई माझ्यामागे उभे होते. ते हळूच म्हणाले, "मी हेच सांगनार होतो. सांगितलं असतं तं कोनी आयकलं नसतं."

मी फळीवर चढले. लुगड्याचा पदर खोचला. डावा हात मागे, तोंड बाजूला. श्वास धरला आणि मूठ वर दाबली. खट्ट. बाकी काही झालं नाही. काटा हलला आणि लाल रेघेच्या बराच अलीकडे थांबला. मग एकेक मोटार.

मी पुढे कितीतरी वर्षं बोर्डावर होते. फ्यूज जातच राहिला, कारण तेच त्याचं काम. त्याच हंगामात एकदा ऐन गर्दीत गेला. शेठजी घामाघूम होऊन आले, जाड तार टाका म्हणाले.

"जाड तार विहिरीत हाय, शेठजी," रहीमभाई म्हणाले.

शेठजी विहिरीपर्यंत गेले, आत बघितलं आणि परत आले. पुढच्या वर्षी तेलाच्या मिलीसाठी वेगळा खटका आणि वेगळा फ्यूज आला. जाड तार न टाकता फ्यूज चारदा जाऊ दिला असता तर हा खटका आधीच आला असता. माणसं यंत्राचं ऐकत नाहीत, थांबलेल्या यंत्राचं ऐकतात.

रबरी हातमोजेही आले, पण रहीमभाईंच्या हाताला ते उशिरा आले. त्यांची नजर गेली ती गेलीच. शेवटी शेवटी काटा मी वाचून सांगायची आणि ते नुसतं आवाजावरून सांगायचे की कुठली मोटार दमली आहे. एवढा चांगला माणूस एका तारेपायी आंधळा झाला, याचं मला अजून वाईट वाटतं. देवीने केलं असतं तर मी गप्प बसले असते.

त्या वर्षीचा हंगाम बुडाला नाही. पाऊस वेळेवर पडला होता, कापूस भरपूर आला. माझ्या हाताचं त्यात काही नव्हतं. पण पुढल्या पाडव्याला भागामायने दही थेट गाड्यांना वाहिलं आणि रेघेपाशी येऊन कुणी न सांगता पाठ फिरवली. रागाने फिरवली की सवयीने, ते मी विचारलं नाही. दरवर्षी तसंच व्हायला लागलं. मी फळीवर चढले की सगळी जिन तोंड फिरवायची.

काही वर्षांनी भागामायने आपल्या नव्या सुनेला कामावर आणलं. पोरगी धीट होती. पाडव्याला सगळ्यांनी पाठ केली तरी ही माझ्याकडे टक लावून बघत होती. मी मूठ धरून थांबले.

"तोंड फिरव वं," भागामाय म्हणाली.

"काहून, आत्याबाई?"

मी ऐकत होते. म्हातारी आता काय सांगते ते मला ऐकायचंच होतं.

"भडका होते," भागामाय म्हणाली. "डोळे जातात मानसाचे. रहीमभाईचे गेले. गिरजी फळीवर चढली का पाठ करायची, अन् ते उतरेपर्यंत वळायचं नाई. समजलं?"

सुनेने पाठ केली. मी खटका लावला.